वक्रोक्ती आणि वक्ररेषा

इंग्रजी अमदानीत मराठीत राजकीय व्यंगचित्र का फोफावले नाही, या प्रश्नाचे एक ठराविक उत्तर आपल्याकडे दिले जाते : कायद्याची दहशत. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. भारतीय दंडविधानाच्या १२४ अ कलमात उच्चारित वा लिखित शब्दांबरोबरच खुणा आणि दृश्य चित्रण यांचाही उल्लेख होता. म्हणजे रेषेला आणि शब्दाला एकच दंड होता. त्याच कलमाच्या छायेत शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ पासून सुमारे १२ वर्षे ‘काळ’ चालविला. जी दहशत परांजप्यांच्या लेखणीला रोखू शकली नाही, तिने कुंचल्यालाच तेवढे कसे गारठविले?

याचे कारण त्या दोन माध्यमांच्या स्वभावात शोधावयास हवे. उपरोधाला दोन अर्थ असतात. वाच्यार्थाने राज्यकर्त्यांची स्तुती होते, व्यंग्यार्थाने त्यांचे वाभाडे निघतात. आणि प्रसंग आलाच तर लेखकाला वाच्यार्थाकडे बोट दाखविता येते. व्यंगचित्रकाराला ही पळवाट नाही. गव्हर्नरसाहेबांचे नाक लांब काढले, तर ते कोणाचे हे वाचकाला ओळखू आलेच पाहिजे. ओळखू आले नाही तर चित्र फसले. आले तर चित्रकार सापडला! साम्य हाच ज्या कलेचा प्राण, तिने नाकबूल जावे कसे?

अर्थात शब्दाचा आडोसाही कायमचा ठरला नाही. १९०८ साली परांजप्यांना राजद्रोहाबद्दल १९ महिन्यांची शिक्षा झाली. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने जामिनाचे अस्त्र सरकारच्या हाती दिले, आणि त्याच वर्षी ‘काळ’ बंद पडला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त कर्झनचे नाव कोठेही नव्हते, तरी पुराणकथेचे ते चिलखत भेदून नाटकावर बंदी आलीच. वाच्यार्थ बाजूस ठेवून परिणाम मोजावयास सरकार शिकले होते.

मुंबईत व्यंगचित्र होते, नाही असे नाही. बरजोरजी नवरोजी यांचा ‘हिंदी पंच’ गुजराती-इंग्रजीत नियमाने निघे; पण त्याचा सूर नेमस्त होता. तिकडे सुब्रह्मण्य भारती यांच्या ‘इंडिया’ या तमिळ साप्ताहिकाने चित्रांचा धीट उपयोग केला, आणि १९०८ मध्ये त्याला फ्रेंच पाँडिचेरीचा आश्रय घ्यावा लागला. ब्रिटिश मुलखात त्याचा प्रवेश रोखला गेल्यावर १९१० मध्ये तेही थांबले.

मराठी वक्ररेषेला घर मिळाले ते औंध संस्थानात, एका कारखान्यात. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात आज किर्लोस्कर इलेक्ट्रिकची पाटी पाहणाऱ्यास कल्पनाही येणार नाही, की नांगर घडविणाऱ्या याच घराण्याच्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः हाडाचे व्यंगचित्रकार होते. औंध म्हणजे काही पाँडिचेरी नव्हे. संस्थानावर ब्रिटिशांचेच अधिराज्य होते, आणि अंक खपावयाचा तो खालसा मुलखात. शंकररावांच्या रेषेचा मुख्य रोख रूढींकडे, अंधश्रद्धेकडे आणि घरातल्या पुरुषी तोऱ्याकडे वळला.

याला कोणी पळ काढणे म्हणतील. मला ते मान्य नाही. रूढीवर प्रहार करणाऱ्यास तुरुंग नसे, पण वर्गणीदार असे. आणि ज्याच्या पैशावर मासिक चालावयाचे त्याचेच हसे त्याला दाखविणे, हे साहेबाला चिडविण्याहून नेहमीच सोपे असते असे नाही. मात्र या निवडीचा एक कलात्मक परिणाम झाला, त्याची नोंद ‘टाकांच्या फेकी’चे कौतुक करतानाही व्हावयास हवी. समाजावर हसणारी रेषा नमुने रंगविते : कर्मठ सासरा, भोंदू बुवा. तिला व्यक्ती लागत नाही. मराठी रेषा नमुन्यांत तरबेज झाली. विशिष्ट मुखवट्याचा, म्हणजे सत्ताधीशाच्या चेहऱ्याचा, सराव तिला फारसा घडला नाही. तो चेहरा ज्याचा नित्याचा विषय, असे व्यंगचित्र-साप्ताहिक मराठीला ‘मार्मिक’च्या रूपाने मिळाले ते १९६० साली, परका अंमल जाऊन १३ वर्षे झाल्यावर.