बदललेला एक शब्द

सणावारी मैफल व्हावी यात आपल्याला नवल नाही. पण मैफलीच्या प्रसंगासाठी कवितेतला शब्दच बदलावा, आणि तोही तिचा प्राण असलेला, हे शोभले काय? एका ध्वनिमुद्रणाने हा प्रश्न माझ्यापुढे टाकला आहे.

बेथोवनची नववी सिंफनी १८२४ मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजली. तिच्या अखेरच्या भागात वाद्यवृंदाला समूहगायनाची जोड मिळते; शब्द शिलरच्या आनंदावरील कवितेचे. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत खुली झाली, आणि त्याच नाताळात, २५ डिसेंबरला, लिओनार्ड बर्नस्टाइनने पूर्व बर्लिनमध्ये ती सादर केली. वादक दोन्ही जर्मनींचे, शिवाय अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स आणि रशियाचे. मेळ मोठा साजरा जमला होता. मात्र 'फ्रॉयडे', म्हणजे आनंद, हा शब्द काढून बर्नस्टाइनने तेथे 'फ्रायहाइट', म्हणजे स्वातंत्र्य, हा घातला.

मी संगीताचा जाणकार नव्हे. मुलांना कविता शिकवणारा मास्तर. माझा कान आधी शब्दाकडे जातो. जर्मन उच्चारात दोन्ही शब्द दोन-दोन ठोक्यांचे, त्यामुळे चाल मोडत नाही हे खरे. पण 'फ्रॉयडे' म्हणताना शेवटी गायकाचे तोंड उघडे राहते. 'फ्रायहाइट'च्या शेवटी 'ट' येतो आणि दार लागते! भिंत पडल्याच्या उत्सवात हे चमत्कारिकच.

बर्नस्टाइनची बाजू अगदीच लंगडी नाही. हीच सिंफनी १९४२ मध्ये हिटलरच्या वाढदिवसानिमित्त बर्लिनमध्येच झाली होती, आणि तेव्हाही आनंदच गाइला गेला. कोणाच्याही पंगतीला बसणाऱ्या शब्दाला एक दिवस उठवले, तर बिघडले कोठे? बेथोवनने तरी शिलरची कडवी आपल्या मर्जीने निवडली, आरंभी पदरचे शब्द घातले. शिलरला मुळात स्वातंत्र्यच म्हणायचे होते, अशी एक आख्यायिकाही सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही.

तरी मला हा बदल पटत नाही. स्वातंत्र्य त्या दिवशी रस्त्यारस्त्यांतून हिंडत होते. त्याचे नाव पुकारायला गायकवृंद कशाला हवा? शिलरच्या कवितेत रूढीने तोडलेली माणसे आनंदामुळे पुन्हा भाऊ होतात. ते काम स्वातंत्र्य करीलच, असे कोणी सांगावे?

आणि गंमत अशी, की या ध्वनिमुद्रणातला सर्वांत हृद्य भाग आहे तिसरा. बर्नस्टाइन तो फार सावकाश नेतो. व्हायोलिनांचा सूर थांबत थांबत पुढे सरकतो, आणि अठ्ठावीस वर्षांची ताटातूट तेथे ऐकू येते. त्या भागात शब्द एकही नाही.