तराजूचा दोष की तोलणाऱ्याचा?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ (२०१५) या परिपत्रकावर आमच्याकडे प्रवचने पुष्कळ होतात. चिकित्सा मात्र विरळा. त्यातील १७१ वा परिच्छेद चिकित्सेस पात्र आहे. कार्बन-पतीच्या खरेदी-विक्रीतून नवी सट्टेबाजी उद्भवेल आणि काही देशांच्या अतिरेकी उपभोगास आडोसा मिळेल, असा इशारा तेथे दिला आहे. त्याच वर्षी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी त्यावर आक्षेप घेतला. धूर सोडणारा आपण केलेल्या हानीची किंमत मोजत नाही, हे रोगाचे मूळ. म्हणून कराने वा परवान्यांच्या बाजाराने ती किंमत वसूल करावी, हा त्यांचा सिद्धांत.

पोपमहोदयांचा इशारा निराधार नव्हता. १९९७ च्या क्योतो करारान्वये विकसनशील देशांतील प्रकल्पांना अशी पत मिळू लागली. शीतकरणाचा वायू तयार करताना एचएफसी-२३ हा अत्यंत तापकारक वायू निघतो. तो नष्ट करण्याबद्दलची पत इतकी मोलाची ठरली की, चीन व भारतातील काही कारखान्यांना मूळ मालापेक्षा तीतच अधिक लाभ दिसू लागला. अखेर २०१३ मध्ये युरोपीय संघाने ही पत आपल्या बाजारात नाकारली.

तथापि, एवढ्याने साधन त्याज्य ठरत नाही. अमेरिकेने १९९० च्या कायद्यान्वये वीजकेंद्रांच्या गंधकयुक्त धुरास मर्यादा घालून परवान्यांचा व्यापार खुला केला. तेथे मर्यादा खरी होती, म्हणून धूरही खरोखर घटला. पवित्र शास्त्र खोट्या तराजूचा निषेध करते, तराजूचा नव्हे. परिपत्रकाच्याच १९५ व्या परिच्छेदात, सामाईक संपत्तीच्या वापराचा भार तो वापर करणाऱ्यानेच पूर्णपणे सोसावा, असे म्हटले आहे. मग हे तत्त्व कोणत्या साधनाने अमलात यावे? याचे उत्तर तेथे सापडत नाही, ही आमच्या मते त्याची मोठी उणीव होय.

नॉर्डहाउस यांच्याकडे साधन आहे, पण ऋणाची जाणीव तोकडी आहे. करार न पाळणाऱ्या देशांच्या मालावर सरसकट जकात बसवावी, असे त्यांनी २०१५ मध्येच सुचविले. शतकभर धूर सोडून संपन्न झालेला देश आणि अद्याप दिव्यापुरती वीज मागणारा देश यांना त्यांनी एकाच मापाने मोजले. परिपत्रक येथे अधिक न्यायी आहे. उत्तरेकडील राष्ट्रांचे दक्षिणेवरील पर्यावरणीय ऋण ते स्पष्ट शब्दांत मांडते.

बाजाराला शाप देऊन आमचे प्रवचनकार मोकळे होतात, पण त्याने कोणाचेही ऋण फिटत नाही. किंमत किती, ती कोणी मोजावी आणि वसूल झालेला पैसा कोणाच्या हाती जावा, हे प्रश्न आम्ही ईश्वरविद्येचेच मानले पाहिजेत.