मांडवीकाठची तांदळाची पिंडी

कवितेचे रसग्रहण करताना आधी तिची चाल कानात बसावी लागते. ओतूर हे गाव कवितेसारखे वाचायचे तर ती चाल मांडवी नदीची. अकोले तालुक्यात फोफसंडीच्या डोंगरात ती उगम पावते, चिल्हेवाडीच्या धरणात विसावते आणि मग ओतूरच्या शिवारात येते. वरच्या अंगाला धो धो पाऊस आणि भाताची खाचरे, खाली आले की पाऊस उणावतो आणि कांदा, ऊस सुरू होतो. माळशेज घाट उतरून कल्याणला जाणाऱ्या रस्त्यावरून हा बदल गाडीच्या खिडकीतूनही दिसतो. ओतूर या दोन मुलखांच्या सांध्यावर वसले आहे.

नदीकाठी कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे. नावातच एक चित्र दडलेले आहे. कपर्दिका म्हणजे कवडी, आणि कवडीसारख्या वळलेल्या जटा ज्याच्या तो शंकर कपर्दी. ही कवडी कधीकाळी बाजारात चालणारे सगळ्यात हलके नाणे होती. किंमत नसलेल्या वस्तूला आपण अजूनही कवडीमोल म्हणतो. गावाच्या देवाने आपल्या नावात तीच कवडी मिरवावी, यातला गोडवा मला फार मोलाचा वाटतो.

पण या गावाची सगळ्यात सुंदर ओळ श्रावणात लिहिली जाते. श्रावणी सोमवारी इथे कोरड्या तांदळाची पिंडी घडवतात. पहिल्या सोमवारी एक, दुसऱ्या सोमवारी एकीवर एक अशा दोन, मग तीन. सोमवारागणिक रचना वर चढत जाते. हे वाचताना साधे वाटते, म्हणून घरी मूठभर तांदूळ ताटात सोडून पाहावेत. दाणा दाण्यावरून घरंगळतो, ढीग पसरतो, कडा कुठेच उभी राहत नाही. उभे राहणे हा कोरड्या तांदळाचा स्वभावच नाही. अशा दाण्यांतून गोल, रेखीव शाळुंका उठवायची आणि तिच्यावर दुसरी पेलायची, यासाठी बोटांत किती धीर लागत असेल! पिंडीसमोर गर्दी सरकत असते, बाहेर यात्रेचा कल्लोळ असतो, कुस्तीच्या आखाड्याकडे लोकांचे पाय वळत असतात. आत मात्र तो पांढराशुभ्र आकार निश्चल असतो. ही कला टिकवण्यासाठी नाहीच. श्रावण सरतो आणि पिंडीही सरते. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या दाण्यापासून सुरुवात.

आता एक प्रश्न पडतो. गाव तर कांद्याचे. इथल्या उपबाजारात गोळा, गोल्टी, बदला अशी प्रतवारी होऊन दहा किलोचा भाव पुकारला जातो. उन्हाळ्यात काढलेला कांदा बराखीत राखून शेतकरी पावसाळाभर भावाची वाट पाहतो. मग पिंडी तांदळाची का? शास्त्राचे उत्तर सोपे आहे, तांदूळ म्हणजे अक्षता. माझे वाचन थोडे वेगळे आहे. मांडवी ज्या डोंगरातून येते तिथले मुख्य धान्य भात. खालच्या शिवाराला ज्या पाण्याने हिरवे केले, त्या पाण्याच्या माहेरचे धान्य इथे देवापुढे उभे राहते. मला ती पिंडी नदीला फेडलेले ऋण वाटते.

देवळाच्या शेजारीच चैतन्य महाराजांची समाधी आहे. ते तुकोबांच्या गुरुपरंपरेतले मानले जातात. तुकोबांनी या परंपरेत राघवचैतन्य, केशवचैतन्य आणि बाबाजी ही नावे सांगितली. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात उपदेश झाला, असे त्यांचा अभंग सांगतो. त्या अभंगातला एक तपशील मला कधी सोडत नाही. गंगास्नानाला जाताना वाटेत भेटलेल्या गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात तुकोबांना त्याचा विसर पडला. कृपा झाली, सेवा मात्र राहून गेली, ही चुटपुट त्या अभंगात आहे. एवढ्या मोठ्या प्रसंगात पावशेराचे माप! कुणब्याच्या घरात सहज बोलले जाणारे माप. म्हणून तो अनुभव आभाळातून उतरून चुलीपाशी येतो.

समाधी आणि पिंडी शेजारी शेजारी पाहिल्या की दोन ओळींचा अर्थ एकमेकींत मिसळतो. तिथे तुपाची सेवा राहिली, इथे दाण्यादाण्याने सेवा रुजू होते आहे. हा संबंध कोणी ठरवून जुळवलेला नसेल, पण गाव नीट वाचले तर तो जुळतो.

ओतूरला जायचे तर श्रावणातल्या एखाद्या सोमवारी जा. पिंडीसमोर घाई करू नका, तिची कड डोळे भरून पाहा. मग नदीच्या घाटावर येऊन थोडा वेळ पाण्याकडे बघत बसा. हेच पाणी पुढे कुकडीला मिळते, कुकडी घोडला, घोड भीमेला. आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होऊन विठोबाच्या पायाशी वळते.