पाय न टेकवता : एक मोटारसायकल आणि एक पुस्तक

(औरंगपुरा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने मोटारसायकलवर बोलावं, हे पत्रिकेत वाचून काहींना खटकलं असेल. एकाने तर फोन करून विचारलं, "सर, छपाईची चूक आहे का?" चूक नाही. मला आज एका पुस्तकाची समीक्षा करायची आहे आणि ती एका यंत्राच्या आधाराने करायची आहे. पुस्तक रॉबर्ट पर्सिगचं, 'झेन अँड दि आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स', १९७४ सालचं. यंत्र म्हणजे ट्रायल्स मोटारसायकल.

आधी यंत्र समजून घेऊ. ट्रायल्स ही वेगाची शर्यत नाही. आपल्या सातारा डोंगरातली एखादी कोरडी नाळ डोळ्यांपुढे आणा. मोठमोठे धोंडे, मध्येच कातळ, वळायला जागा नाही. त्यात दोन्ही बाजूंना खुणा लावून काही मीटरचा तुकडा आखलेला असतो. तो तुकडा गाडीवरून पार करायचा, पाय जमिनीला न टेकवता. पाय एकदा टेकला की एक दंडगुण. दोनदा टेकला की दोन. तीनदा किंवा जास्त टेकला तर तीन. पडलात किंवा खुणेबाहेर गेलात की पाच. दिवसाअखेर ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला. म्हणजे इथे कमावण्यासारखं काही नाही, न गमावण्याची परीक्षा आहे.

या खेळासाठी बनवलेली आजची गाडी साधारण सत्तर किलोची असते. तिला बसायला सीट नसते, कारण चालवणारा उभाच असतो. टाकी दोन-तीन लिटरची. मागच्या टायरमध्ये हवा चार-पाच पौंड. आपण रस्त्यावरच्या गाडीत तीसेक पौंड भरतो, त्याच्याशी ताडून बघा. टायर दगडावर फुगून बसता कामा नये, दगडाला चिकटायला हवा, म्हणून इतकी कमी. तर जे काही अनावश्यक आहे ते काढून टाकत टाकत हे यंत्र घडलं आहे. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पुस्तक. १९६८ साली पर्सिग आपल्या लहान मुलाला, ख्रिसला, मागे बसवून होंडावरून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेला. त्या प्रवासाच्या धाग्यात त्याने आपलं तत्त्वचिंतन ओवलं. हा माणूस तरुणपणी बनारस हिंदू विद्यापीठात शिकून गेलेला, त्यामुळे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना त्याच्याबद्दल जरा जास्त जिव्हाळा. त्याचं पुस्तक १२१ प्रकाशकांनी नाकारलं आणि छापल्यावर लाखोंनी खपलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : यंत्राची निगा राखणं हे खालच्या दर्जाचं काम नाही. लक्ष देऊन, आत्मीयतेने केलेल्या कामात पाहणारा आणि पाहिलं जाणारं यांतली फट बुजते. या अनुभवाला त्याने 'गुणवत्ता' म्हटलं.

त्यातला एक प्रसंग मला नेहमी आठवतो. गाडीतून विचित्र आवाज येतो म्हणून तो ती दुकानात देतो. तिथली पोरं रेडिओ लावून, हसतखेळत, हातोडी-छिन्नीने काम करतात आणि गाडी आणखी बिघडवून परत देतात. शेवटी दोष निघतो पंचवीस सेंटच्या एका पिनेत. पर्सिगचा निष्कर्ष असा, की त्या पोरांना ज्ञान कमी नव्हतं. ती त्या कामात नव्हतीच. ती प्रेक्षक होती.

हे मी वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं. मुलं भारावून जायची. मीही.

आणि मग माझ्या घरात एक गोष्ट घडली.

माझा एक पुतण्या आहे. डोंगरात गाडी घालायची त्याला हौस. त्याला वाढदिवसाला पर्सिगचं पुस्तक मीच दिलं. त्याने ते मन लावून वाचलं, पेन्सिलने खुणा केल्या, माझ्याशी चर्चाही केली. त्याच सुमारास त्याने एक जड मोटारसायकल घेतली आणि तिला ट्रायल्ससारखं करायला लागला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. रुंद हँडल आलं, वर वळवलेला सायलेन्सर आला, गुटगुटीत टायर आले, पुढे दिवे आले, इंजिनाखाली लोखंडी पत्रा आला. प्रत्येक वस्तू आली की तो मला फोटो पाठवायचा आणि मी उत्तर द्यायचो, "वा!"

पावसाळ्यानंतर एका उतारावर मागचा ब्रेक दाबला तर पेडल पार तळाला गेलं. गळपट्टीचं हाड मोडलं. आणखी काही झालं नाही, हे नशीब. गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने मागचा ड्रम उघडला, बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, लायनर संपलेत. किरकोळ काम होतं हो." मग एअर फिल्टर काढून दाखवला. मातीचा पोळा झालेला. चेन तर हाताने अशी वर-खाली होत होती.

मी घरी येऊन पर्सिगचं ते प्रकरण पुन्हा उघडलं. तीच गोष्ट होती, पात्रं उलटी. तिथे मालक जागा आणि कारागीर झोपलेला. इथे कारागीर जागा होता, आणि पुस्तकात खुणा करणारा मालक व ते पुस्तक देणारा काका, दोघेही प्रेक्षक होते.

म्हणून आज पुस्तकाची झडती घ्यायची आहे. माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप. या पुस्तकात निगेबद्दल इतकं सुरेख वाचायला मिळतं, की निगा राखल्यासारखंच वाटतं. पर्सिग प्रामाणिक आहे. मोटारसायकलच्या बाबतीत या पुस्तकावर फार विसंबू नका, असं तो सुरुवातीलाच बजावतो. पण वाचकाला हवा असतो भाव. तो मिळाला की हात ग्रीसमध्ये घालायची गरज उरत नाही. आणि हा भाव दुकानात विकतही मिळतो. त्याचं नाव अपग्रेड.

अपग्रेड वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण क्रम बघा. ब्रेकचे लायनर बदलले तर कुणाला दिसत नाहीत, नवा दिवा सगळ्यांना दिसतो. साफ केलेला फिल्टर पुन्हा घाण होणारच, म्हणजे ते काम कधी संपत नाही. नवं हँडल एकदाच बसवलं की झालं. निगेला अंत नाही आणि कौतुकही नाही. म्हणून आपण निगा टाळतो, आणि टाळल्याची टोचणी लागू नये म्हणून काहीतरी नवं बसवतो. आपण पुतळे बसवतो आणि पायऱ्या झाडत नाही, ग्रंथालयाला नवी इमारत बांधतो आणि आतल्या पुस्तकांना वाळवी लागते. ही सवय मोटारसायकलपुरती नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरा आक्षेप जरा मुळातला आहे. पर्सिगची निगा एकट्याची आहे. रस्ता, गाडी, तो आणि त्याचं डोकं. दुकानातला कारागीर त्याच्या गोष्टीत खलनायक म्हणून येतो आणि जातो. आपल्याकडे तसं चालत नाही. आपल्याकडे गाडीचं ज्ञान दोघांत वाटलेलं आहे : चालवणाऱ्यात आणि मिस्त्रीत. आणि या दोघांत आपण एक भिंत बांधली आहे. पोथी एकाकडे, पाना दुसऱ्याकडे. आणि ही वाटणी आपण जातीने केली, हे विसरून चालणार नाही. इथे जवळच महात्मा फुल्यांच्या नावाचा चौक आहे. त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञानही असावं असं मागितलं होतं. हाताचं काम शाळेत यावं, ही ती मागणी होती. मी तीसहून अधिक वर्षं 'गुणवत्ता' शिकवली आणि त्या काळात एकदाही माझ्या स्कूटरचा प्लग स्वतः काढला नाही. ही कबुली द्यायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

आता गंमत बघा. पर्सिगचं प्लेटोशी हाडवैर आहे. पुस्तकाचा उत्तरार्ध त्या भांडणाने भरलेला आहे. पण त्याला हवा तो धागा प्लेटोकडेच होता. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात प्लेटो म्हणतो, की प्रत्येक वस्तूच्या तीन कला असतात : वापरण्याची, बनवण्याची आणि नक्कल करण्याची. खरं ज्ञान वापरणाऱ्याकडे असतं. बासरी कशी हवी हे वादक सांगतो, कारागीर त्याच्यावर विश्वास ठेवून ती बनवतो. नक्कल करणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

या तिन्ही कला ट्रायल्सच्या इतिहासात जशाच्या तशा सापडतात. सॅमी मिलर नावाचा आयर्लंडचा स्वार. एरियल कंपनीच्या ५०० सीसीच्या जड गाडीवर तो वर्षानुवर्षं स्पर्धा खेळला. दर वर्षी तिच्यातून काहीतरी काढायचा, काहीतरी हलकं करायचा. १९६२ आणि १९६४ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल त्याने त्याच गाडीवर जिंकली. मग १९६४ मध्येच तो स्पेनच्या बुल्टॅको कंपनीकडे गेला आणि तिथल्या अभियंत्यांबरोबर बसून एक हलकी टू-स्ट्रोक गाडी घडवली, शेर्पा. १९६५ ची स्पर्धा त्याने तिच्यावर जिंकली. लोक म्हणतात, त्याने योग्य गाडी निवडली. मी म्हणतो, ती निवड त्याने एरियलवर पाना फिरवताना आधीच केली होती. जुन्या गाडीचा प्रत्येक दोष हाताखालून गेल्याशिवाय नव्या गाडीकडून काय मागायचं हे कळत नाही. वापरणाऱ्याने बनवणाऱ्याला सांगितलं. अगदी प्लेटो.

आणि नक्कल? तिचं उदाहरण आपल्या घरचं आहे. बुलेट ही आपल्याकडे भारदस्तपणाची खूण. पण तिचा जन्म कुठला, ठाऊक आहे? १९४८ साली इंग्लंडात ट्रायल्स स्पर्धेत तिचा नमुना उतरवला गेला. मागच्या चाकाला स्विंगिंग आर्मचं सस्पेन्शन असलेली नवी रचना त्या दगडधोंड्यांत पारखली गेली. पुढे जॉनी ब्रिटनने रॉयल एन्फील्डवर १९५२ आणि १९५७ ची स्कॉटिश स्पर्धा जिंकली. २०१९ च्या मार्चमध्ये कंपनीने त्या इतिहासाची आठवण म्हणून भारतात 'बुलेट ट्रायल्स' आणली. एकच सीट, वर वळवलेला सायलेन्सर, रंगवलेली फ्रेम, किंमत ३५० ला १ लाख ६२ हजार, ५०० ला २ लाख ७ हजार. नावातच 'वर्क्स रेप्लिका' होतं, म्हणजे प्रतिकृती, हे त्यांनी लपवलं नाही. पण वजन दोनशे किलोच्या जवळ. सत्तर किलोच्या खेळात दोनशे किलोचं यंत्र! रूप घेतलं, पण ज्या कारणाने ते रूप आलं होतं ते कारण घेतलं नाही. वर्षभरातच ती विक्रीतून गेली. गाडी म्हणून ती वाईट होती असं नाही. ती एक आठवण होती, आणि आठवणीवर बसून धोंडा चढता येत नाही.

मग निवड कशी करायची? तरुण मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी सरळ बोलतो. पहिल्यांदा ट्रायल आणि ट्रेल यांत गल्लत करू नका. डोंगरातल्या पायवाटेने लांब फिरायचं असेल तर तुम्हाला ट्रेलची गाडी हवी. २०१९ च्याच मे महिन्यात आलेली हिरोची एक्सपल्स, पुढे २१ इंची चाक आणि जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची, ही त्या जातीची. दगडावर तोल शिकायचा असेल तर परदेशी ट्रायल्स गाडी लागते. ती महाग पडते आणि रस्त्यावर चालवायची नसते. आणि दोन्ही परवडत नसेल तर आहे त्याच गाडीवर, मोकळ्या मैदानात, क्लच अर्धा धरून, चालण्यापेक्षाही हळू वेगात आठचा आकडा काढा. पाय न टेकवता. वर्षभर एवढंच करा. तुम्हाला कोणती गाडी हवी ते तुमचा डावा हात सांगेल.

मग निगा. चिखलमातीतून आलात की एअर फिल्टर उघडा, धुवा, वाळवा, तेल लावा. चेनचा ताण बघा. स्पोक एकेक करून बोटाने वाजवा, ढिला असेल तो वेगळा बोलतो. ब्रेक उघडून बघा. मिस्त्रीकडे गाडी टाकून जाऊ नका, स्टुलावर बसा आणि त्याला विचारा. त्याला राग येत नाही, बरं का. बहुतेकांना आयुष्यात कुणी काही विचारलेलंच नसतं.

आणि अपग्रेड सर्वांत शेवटी. जोडण्याआधी, काय काढता येईल ते बघा. कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावर बोलताना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केलं आहे, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही.

पर्सिगचं पुस्तक टाकून द्या असं मी सांगायला आलेलो नाही. मी ते अजून वाचतो. पण ते निम्मं पुस्तक आहे. उरलेलं निम्मं गॅरेजमधल्या स्टुलावर बसून वाचावं लागतं, आणि तिथे पेन्सिलीने खूण करता येत नाही.

पुतण्याचं हाड जुळलं. त्याने रुंद हँडल आणि ते दिवे उतरवले, विकले. दर रविवारी सकाळी तो त्या मिस्त्रीकडे जातो. मागच्या महिन्यात मीही गेलो होतो. मिस्त्रीने माझ्या हातात पाना दिला आणि म्हणाला, "सर, आता हा नट तुम्ही आवळा. जोर लावू नका. हाताला कळतं कुठे थांबायचं ते."

मला कळलं नाही. नटाचा आटा गेला. त्याने न बोलता दुसरा नट काढून दिला. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.