‘सामना’ पाहताना येणारे हसू

विनोदी मराठी चित्रपटांचा विषय निघाला की आपल्या घरांतून राजा परांजपे, पु. ल. देशपांडे, दादा कोंडके ही नावे ओघानेच येतात. ‘सामना’चे नाव त्या ओळीत कोणी घेत नाही. डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि रामदास फुटाणे यांनी निर्मिलेला हा कृष्णधवल चित्रपट १९७५ साली पडद्यावर आला. त्याच वर्षी बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो स्पर्धेसाठी निवडला गेला आणि ‘राजकीय चित्रपट’ ही चिठ्ठी त्याच्यावर कायमची डकवली गेली. चिठ्ठी खोटी म्हणता यायची नाही. परंतु तिच्यामुळे या चित्रपटातला विनोद झाकला गेला, आणि आमच्या मते त्याचे निम्मे बळ त्या विनोदात आहे.

कथा थोडक्यात अशी. साखर कारखान्याच्या जोरावर उभ्या राहिलेल्या एका गावात दारूच्या नशेत एक फाटका माणूस येतो. स्वातंत्र्याच्या चळवळीत तारुण्य घातलेला आणि पुढे सर्व बाजूंनी निराश झालेला हा ‘मास्तर’. गावाचे धनी हिंदुराव धोंडे पाटील त्याला आपल्या घरी नेतात, खाऊपिऊ घालतात. मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आहेत, हिंदुराव झाले आहेत निळू फुले. (दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ आणि नायक कान-नाक-घशाचा शल्यविशारद! गावाच्या दुखण्यावर दोन डॉक्टर एकदम बसलेले आम्ही दुसऱ्या चित्रपटात पाहिलेले नाहीत.)

या दोघांच्या संगतीतूनच विनोद निर्माण होतो. प्रत्येक माणसाची किंमत हिंदुरावांना तोंडपाठ आहे. कोणाला नोकरी द्यायची, कोणाला कर्ज, कोणाला धाक, याचा हिशेब त्यांच्यापाशी तयार असतो. आणि समोर बसलेल्या या भणंगाला मात्र काहीच नको आहे. पेला पुढे केला तर तो घेतो, पण उपकृत होत नाही. जुन्या संस्कृत नाटकात राजाजवळ विदूषक असे. त्याला काहीही बोलण्याची मुभा असे, कारण त्याचे बोलणे कोणी मनावर घेत नसे. दारुड्या मास्तरांना हिंदुरावांच्या घरी तेच स्थान मिळते. मालकाला करमणूक हवी होती. करमणूक करणारा हळूहळू भारी पडू लागतो.

गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे नाव मास्तरांच्या कानावर पडते आणि त्याचे काय झाले, असे ते विचारू लागतात. तेच, तसेच, पुन्हा पुन्हा. एकच वाक्य वेळी-अवेळी उच्चारून हशा पिकवणे ही आपल्या लोकनाट्याची जुनी युक्ती. तेंडुलकरांनी तीच घेतली आहे. पहिल्यांदा आपण हसतो ते बेवड्याच्या चिकाटीला. दोन-चार वेळा ऐकल्यावर आपले लक्ष मास्तरांकडून सुटते आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे जाते. मग हसू येत नाही, निदान मोकळेपणाने येत नाही. हा प्रश्न पुढे मराठी बोलण्यात इतका रुजला की चित्रपट न पाहिलेली माणसेही तो विचारतात.

येथे एक आठवण सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी वाशिममध्ये आमच्या घरी चार-पाच कुटुंबे मिळून आम्ही हा चित्रपट पाहिला. मास्तरांच्या झोकांड्या पाहून पोरे खिदळत होती; खरे सांगायचे तर आम्हीही हसत होतो. शेजारच्या एक काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या घरी अशी झोकांडी रोज संध्याकाळी उंबरठ्यावर येत असे, हे आम्हांला ठाऊक असूनही त्या क्षणी आठवले नव्हते. त्या उठून जातील असे वाटले. त्या गेल्या नाहीत. चित्रपट संपल्यावर त्यांनी विचारले ते मारुतीच्या बायकामुलांविषयी. त्यांच्याकडे कोण बघत असेल? आमच्यापैकी कोणाच्याही मनात तो विचार आला नव्हता. आम्ही सारा वेळ हिंदुराव पडतात की नाही, याच कुस्तीत रमलो होतो.

निळू फुले यांच्याविषयी लिहावे तितके थोडे. राष्ट्र सेवा दलातून आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारख्या लोकनाट्यातून आलेला हा नट पुढे पडद्यावरच्या दुष्ट पाटलाचा साचा होऊन बसला, नकलाकारांनी तर त्यांचा आवाजच पळवला. ‘सामना’तले हिंदुराव त्या साच्याआधीचे आहेत. ते फारसे ओरडत नाहीत. त्यांना मास्तर मनापासून आवडतो, आणि हीच त्यांची अडचण आहे. ज्याच्यावर जीव जडला त्यानेच नको तो प्रश्न विचारावा, या पेचात सापडलेला सत्ताधीश पाहताना भीतीही वाटते आणि गंमतही.

त्याच वर्षी ‘शोले’ आला होता. रंगांची अशी चैन असताना ‘सामना’ काळ्या-पांढऱ्यातच राहिला. ते पैशांमुळे असो वा अन्य कारणाने, त्याचा लाभच झाला. रंग असते तर पाटलांचे वैभव डोळ्यांत भरले असते. येथे त्या वैभवाच्या कडेची सावलीही तेवढीच दिसते.

आमच्या जिल्ह्यात ऊस फारसा नाही. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरकडे सोयाबीन, तूर आणि कापूस. तरीही हिंदुराव ओळखायला आम्हांला कष्ट पडत नाहीत. कारखान्याच्या जागी बाजार समिती, जिनिंग किंवा शाळेची संस्था घातली की भागते. पश्चिम महाराष्ट्राची कथा म्हणून विदर्भातल्या प्रेक्षकाने तिच्यापासून अंग काढून घेऊ नये.

दोषही सांगितले पाहिजेत. स्त्रियांना या कथेत जवळजवळ बोलूच दिलेले नाही. स्मिता पाटीलसारखी अभिनेत्री असूनही तिच्या वाट्याला फार थोडे आले आहे. काकूंच्या प्रश्नाला चित्रपटात उत्तर सापडत नाही ते बहुधा यामुळेच. उत्तरार्धात मास्तरांची नशा उतरत जाते तसा विनोदही विरळ होतो आणि काही प्रसंग भाषणाच्या अंगाने जातात. आरती प्रभूंचे गीत आणि भास्कर चंदावरकरांचे संगीत मात्र ही उणीव पुष्कळशी भरून काढतात.

मुलांना दाखवावा का, असे पालक विचारतात. बारा-तेरा वर्षांपुढील मुलांना अवश्य दाखवावा, मात्र टीव्ही लावून देऊन आपण स्वयंपाकघरात जाऊ नये. बरोबर बसावे. मुले मास्तरांना हसतील तेव्हा त्यांना हसू द्यावे, आणि ती कोठे थांबतात तेवढे पाहावे.