एका ओळीचं व्याकरण

(A) आवणीला माणसं सांगणे +भात @घोटी

ओळ माझी, व्याकरण जीना ट्रपानी यांचं. ‘टुडू डॉट टीएक्सटी’ ही कामांच्या यादीची पद्धत त्यांनी २००६ साली मांडली. एक साधी मजकुराची फाइल, एका ओळीत एक काम, बस्स. कंसातलं मोठं रोमन अक्षर निकड सांगतं. अधिकचं चिन्ह हे कुठल्या मोठ्या कामाचं पोटकाम आहे ते दाखवतं, तर @ पुढे ते कुठे करायचं ते येतं. ठिकाणावरून कामं निवडायची ही युक्ती डेव्हिड ॲलन यांच्या २००१ मधल्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकातली.

मला यात व्यापाऱ्याच्या कीर्दीची शिस्त दिसते. जसं सुचेल तसं लिहीत जायचं. खतावणी वेगळी ठेवायचीच नाही. ‘@गिरणी’ एवढं शोधलं की गिरणीवरची सगळी कामं समोर. महामार्गावरच्या घोटीत, जिथे माणूस सकाळी खाचरात, दुपारी भातगिरणीवर आणि कधी कचेरीच्या कामाला नाशिकला असतो, तिथे हे चिन्ह अगदी चपखल बसतं. रेंज गेली तरी मोबाइलमधली फाइल उघडते, हे वर.

मूळ व्याकरणात मुदतीला जागाच नाही. आवणीपुरतं, म्हणजे भातलावणीपुरतं, मला ते आवडतं. रोप तयार हवं, खाचरात पाणी उभं हवं; त्याला तारीख कुठली घालणार? पीकविम्याच्या अर्जाला मात्र मुदत लागतेच. ती ओळीत वेगळी जोडता येते, पण ठिगळासारखी दिसते.

खरी कारागिरी आहे ती झालेल्या कामाच्या ओळीआरंभी येणाऱ्या बारीक एक्समध्ये. फाइल अक्षरक्रमाने लावली की कंस सर्वांत आधी येतो, म्हणून निकडीची कामं वर. इंग्रजी वाक्यं मोठ्या अक्षराने सुरू होतात आणि बारीक एक्स क्रमात त्यांच्यानंतर, म्हणून झालेली कामं आपसूक तळाला. कुठलंही बटण नाही, नियमही नाही. नुसत्या वर्णक्रमावर काम भागतं. क्या बात है!

मराठीत नेमकं इथेच घोडं अडतं. युनिकोडमध्ये देवनागरीचा क्रम रोमन अक्षरांनंतर लागतो. त्यामुळे संपलेली कामं खाली न जाता उरलेल्या कामांच्या डोक्यावर चढून बसतात. उतारा त्याच व्याकरणात आहे. काम कधी नोंदलं ती तारीख आरंभी लिहिण्याची मुभा मूळ पद्धतीत आहे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. इंग्रजी आकडे एक्सच्या आधी येतात, म्हणजे उरलेलं काम पुन्हा वर, झालेलं खाली. ज्या गोष्टीला मूळ पद्धत ऐच्छिक म्हणते, ती मराठी यादीला अटळ आहे. तेव्हा अशी फाइल ठेवणार असाल तर बिननिकडीच्या प्रत्येक ओळीची सुरुवात तारखेनेच करा, आणि तिचे आकडे इंग्रजी ठेवा.