शरणपूरची लेखणी

मिशनरी वाङ्मयाचा एक ठरावीक साचा आहे. परदेशी सेवक बोटीतून उतरतो, उन्हाने आणि अनोळखी भाषेने हैराण होतो, घरच्या आठवणींनी व्याकूळ होतो आणि मग एके दिवशी त्याच्या दारी एक अनाथ मूल येते. पुढील प्रकरणे त्या मुलाच्या अन्नवस्त्राची, औषधपाण्याची, अक्षरओळखीची आणि बाप्तिस्म्याची असतात. अशी पुस्तके आपल्या घरांतून भक्तिभावाने वाचली गेली आणि त्यांतून अनेकांना सेवेची प्रेरणा मिळाली, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि वाङ्मय म्हणून त्यांच्याकडे पाहताना एक उणीव सतत जाणवते. मिशनऱ्याचे मन आपल्याला पानोपानी कळते, मुलाचे मन मात्र कळत नाही. मूल हे कथेचे निमित्त असते, तिचा निवेदक नसते.

या उणिवेचा विचार करण्यासाठी जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला फार दूर जावयास नको. मंचर, नारायणगाव मागे टाकून पुणे-नाशिक मार्गाने जो नाशिकला जातो, त्याला तेथील शरणपूर रोड ठाऊक असतो. हे शरणपूर विल्यम सॉल्टर प्राइस या इंग्रज मिशनऱ्याने १८५४च्या सुमारास वसविले. तो चर्च मिशनरी सोसायटीचा, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचा; परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर इतर ख्रिस्ती बंधूंच्या कार्याकडे आदराने पाहण्यास आपण शिकलो आहोत. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबते पकडीत असे. त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरविली जात, आणि त्यांतील अनेकांना पुढे शरणपूरचा आश्रय मिळाला. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकविण्यात आले.

आमच्या वाचकांना ही मुले परकी वाटू नयेत. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि काही काळ जुन्नर ही त्याच्या कारभाराची राजधानी होती. जुन्नरजवळच्या हापूसबागेचे नाव मूळचे ‘हबशी बाग’ असावे, असे काही अभ्यासक मानतात. आफ्रिकेतून आलेल्या मुलांच्या पाऊलखुणा आपल्या शिवारात सुमारे अडीचशे वर्षे आधीपासून आहेत.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आले असता त्यांनी आपल्या आफ्रिकेतील प्रवासासाठी नाशिकच्या शाळेतून नऊ मुले निवडली. त्यांतील दोघांची नावे पाहावीत : सायमन प्राइस आणि रिचर्ड आयझेनबर्ग. पहिल्याचे आडनाव शरणपूरच्या संस्थापकाचे, दुसऱ्याचे मुंबईत सेवा केलेल्या एका जर्मन मिशनऱ्याचे. आईने कोणत्या नावाने हाक मारली होती, याला त्या यादीत जागा नाही. नव्या जन्माचे नवे नाव ही आपल्या श्रद्धेतील पवित्र गोष्ट आहे. परंतु उत्तम मेंढपाळ मेंढरांना त्यांच्या नावाने हाक मारतो. तो त्यांना आपले आडनाव देत नाही. येथे प्रेम आणि मालकी यांची सरमिसळ झाली आहे, आणि ती सद्भावनेतून झाली असल्यामुळेच सहजी ध्यानात येत नाही.

लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या रोजनिशीचे दोन खंड होरेस वॉलर यांनी संपादून १८७४ मध्ये प्रसिद्ध केले. या मुलांविषयीच्या तक्रारी त्यांत पुष्कळ आहेत. त्या खोट्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. पण त्या एकाच बाजूने लिहिल्या गेल्या आहेत. त्याच नऊ जणांपैकी एडवर्ड गार्डनर आणि मब्रुकी या नावाने ओळखला जाणारा नॅथॅनिएल हे दोघे सात वर्षांनंतर लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्युसमयीही त्यांच्या सोबत होते. या काळाबद्दल त्या दोघांना काय वाटले, ते त्या पुस्तकातून कळत नाही.

म्हणूनच जेकब वेनराइटच्या रोजनिशीचे मोल आम्हांस मोठे वाटते. गुलामगिरीतून सुटलेला हा याओ जमातीचा मुलगा शरणपूरला शिकला आणि १८७२ मध्ये नाशिकच्या इतर काही तरुणांसह लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत सामील झाला. मे १८७३ च्या आरंभी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन यांचा अंत झाला. तेव्हा त्यांच्या सामानाची यादी जेकबने केली, कारण त्याला लिहिता येत होते. झाडाखाली हृदय पुरताना दफनविधीच्या प्रार्थना त्यानेच वाचल्या आणि झाडाच्या खोडावर अक्षरेही त्यानेच कोरली. पुढे सुमारे नऊ महिने, हजारावर मैल, सहकाऱ्यांनी तो मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून नेला. त्या वाटचालीची हकीकत जेकबने स्वतः लिहून ठेवली. तिचे जर्मन भाषांतर १८७४ मध्येच छापले गेले, पण मूळ हस्तलिखित सर्वांना वाचावयास मिळण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

या रोजनिशीत पाल्हाळ नाही. लेखक भावनेचे प्रदर्शन करीत नाही. मुक्काम, अडचणी, भेटलेली माणसे यांची नोंद करतो. मृत्यूची तारीखही तो आपल्या हिशेबाने ४ मे अशी देतो. वॉलर यांनी १ मे मानली. ही तफावत आम्हांस केवळ चूक-बरोबर एवढ्यापुरती वाटत नाही. जो अन्य ग्रंथांत ‘नाशिकचा मुलगा’ म्हणून उरला असता, तो येथे साक्षीदार झाला आहे, आणि साक्षीदाराचे म्हणणे दुसऱ्यांहून वेगळे असू शकते.

मर्यादाही सांगितली पाहिजे. रोजनिशी इंग्रजीत आहे. शाळेने दिलेली भाषा हीच जेकबची लेखनभाषा झाली. याओ भाषेतील त्याचे मन आपल्या हाती आलेले नाही. शरणपूरने एक भाषा दिली आणि एक मागे ठेवली. प्राइस यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना या दोन्ही गोष्टी एकत्र मांडाव्या लागतात. नावांच्या बाबतीत जे खटकते ते खटकतेच. परंतु मुलाच्या हाती लेखणी देणारा माणूस आपल्यावरच्या टीकेचेही साधन त्याला देत असतो. विल्यम जोन्स हा आणखी एक नाशिककर. १८६४ मध्ये तो इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड यांच्यासह मोंबासाजवळील रबाई येथे सेवेस गेला. १८८५ मध्ये जोन्स आणि सेम्लर यांना दीक्षा मिळाली. ज्यांची सेवा झाली तेच परदेशी सेवक झाले.

आपल्या कॅथलिक परंपरेचाही या कथेस स्पर्श आहे. फेब्रुवारी १८७४ मध्ये तो मृतदेह बागामोयो येथे पोहोचला, तेव्हा होली घोस्ट फादरांच्या मिशनमध्ये त्यास विसावा मिळाला. या मिशनने सोडविलेल्या गुलाम मुलांसाठी वसाहत उभारली होती. तेथून जेकब शवासोबत इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटिकेस त्याने हात लावला. पुढे आफ्रिकेत परतून १८९२ मध्ये तो उरांबो येथे निवर्तला.

हा प्रश्न केवळ जुन्या ग्रंथांचा नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी आणि ठाकर मुले घर सोडून आश्रमशाळांत, वसतिगृहांत राहतात. त्यांच्यासारख्या मुलांविषयी सेवाभावी संस्था अहवाल काढतात. आपली कुटुंबे ते वाचतात, देणगी देतात. त्या अहवालांत मुलांची छायाचित्रे असतात, ताटांची आणि खाटांची संख्या असते. हा हिशेब आवश्यक आहे, पण तो जुन्या मिशनरी पुस्तकांच्याच साच्यातला आहे. त्यांतील एखादे पान मुलाने लिहिलेले असावे. त्यावर त्याचे पूर्ण नाव असावे आणि घरी बोलतात ती बोली असावी. आमटी पातळ असते, पहिल्या पावसात घरची आठवण येते, हिरडा गोळा करणाऱ्या आईच्या मदतीला कोणी नाही, असे त्याने लिहिले तर तेही छापावे. देणगीदार त्याने नाराज होतील, अशी भीती वाटेल. आम्हांस मात्र वाटते की, ज्या घरातील मूल निर्भयपणे तक्रार लिहू शकते, त्याच घरावर आपण विश्वास ठेवावा.